ठावठिकाणा कोणाच्या हाती?

माळीण गाव डोंगराखाली गेल्याची बातमी बाहेरच्या जगाला मिळाली ती एका एसटी चालकाकडून. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातली नेहमीची फेरी घेऊन गाडी गावापाशी आली, तर जिथे घरे असायला हवी होती तिथे चिखलाचा ढीग. त्याने कळवले आणि मग यंत्रणा हलली. दीडशेच्या आसपास माणसे त्या ढिगाखाली होती. पुढे सात वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली, फोन मुके. बाहेरची मदत गावात पोहोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली.

मदतीला धावणाऱ्यांची हिंमत या दोन्ही वेळी कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. कमी पडला तो एक साधा निरोप : आम्ही अमुक ठिकाणी आहोत, इतकेजण आहोत, या अवस्थेत आहोत. माळीणमध्ये निरोप धाडायला फारसे कोणी उरलेच नव्हते, हे खरे. पण त्या निरोपाचा विचार आपण आजवर एकाच बाजूने केला आहे, असे मला वाटते. निरोप येणे ही जशी बातमी असते, तशीच दर अर्ध्या तासाने येणारा निरोप एकाएकी बंद पडणे हीसुद्धा बातमी असते. त्याकडे मी पुढे येणार आहे.

‘आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात नकाशा आहे, मग अडचण कसली?’ असे कोणीही सहज विचारील. अडचण अशी की, खिशातला फोन ही एका लांबलचक साखळीची शेवटची कडी आहे. फोनला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की डिझेलचे जनित्र. डिझेल पोहोचवायला रस्ता लागतो. टॉवरपासून पुढे बोलणे वाहून नेणारी तार पुष्कळदा त्याच रस्त्याच्या कडेने पुरलेली असते. घाटात दरड आली की रस्ता, तार आणि डिझेल ही तिन्ही एकाच तडाख्यात जातात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना गावाकडे आई-वडील कसे आहेत हे कळायला कित्येक दिवस लागले. फोन होते. घरोघर होते. साखळी तुटली होती.

या साखळीला न जुमानणारी एक जुनी व्यवस्था आहे आणि ती सरकारने किंवा एखाद्या कंपनीने उभारलेली नाही. ती आहे हौशी बिनतारी संदेशकांची, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्या मंडळींची. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारे एक सांकेतिक नाव मिळवायचे आणि स्वतःचा संच, स्वतःची अँटेना, स्वतःची बॅटरी यांवर जगाशी बोलायचे, असा हा छंद. १९९३ च्या लातूर भूकंपात, १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात, २००१ च्या कच्छच्या भूकंपात ही मंडळी आपापले संच घेऊन गेली होती. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यामधला निरोपांचा पूल आपल्या संचांवर उभा केला. त्याची आठवण आजही आदराने निघते.

मात्र ही सारी कामगिरी मुख्यतः बोलून झालेली आहे. बोलण्याला मर्यादा असते. एका लहरीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दुसऱ्या टोकाला कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलेले असावे लागते. ‘धोंडिबा की कोंडिबा’ हे तीनदा विचारावे लागते. अक्षांश-रेखांशाचे आकडे आवाजाने सांगताना एका आकड्याची चूक झाली की नाव भलत्याच खाडीत जाते. पन्नास गावांचे ठिकाण आणि अवस्था अशी तोंडी गोळा करायची तर दिवस मोडतो. बिनतारी संचाला लिहायला आणि वाचायला शिकवावे, ही गरज इथून निर्माण झाली.

ते शिकवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हवाई विद्यापीठाचे नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रे एकमेकांना रेडिओने जोडली. बेटे बरीच, लहर एकच. त्यांनी सोपी युक्ती काढली. मजकुराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालून त्यावर पत्ता लिहायचा आणि हवेत सोडून द्यायचा. दोन पाकिटे एकमेकांवर आदळून खराब झाली तर थोडे थांबून पुन्हा सोडायची. ‘पॅकेट’ रेडिओ हे नाव या पाकिटांवरून आले. कॅनडातल्या माँट्रियलच्या हौशी मंडळींनी १९७८ मध्ये हाच प्रयोग आपल्या लहरींवर केला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या टुसान शहरातल्या एका हौशी गटाने संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये बसवायची पेटी जुळणीच्या सुट्या भागांसह विकायला काढली आणि जगभरच्या माळ्यांवर, गॅरेजांत हा उद्योग सुरू झाला. पेटीचे काम एवढेच : अक्षरांचे दोन सुरांत रूपांतर करायचे, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा, आणि पलीकडे त्या सुरांची पुन्हा अक्षरे करायची. ऐकायला तो आवाज जुन्या फॅक्स यंत्राच्या खरखरीसारखा लागतो. घरच्यांना तो आवडत नाही, ही तक्रार जागतिक आहे.

याच सुमारास अमेरिकेच्या नौदल अकादमीत बॉब ब्रूनिंगा नावाचा एक अभियंता होता. १९८२ मध्ये त्याने नौदलाकडून येणारी जहाजांची ठिकाणे घरगुती संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशात दाखवण्याचा एक लहानसा कार्यक्रम लिहिला. १९८४ मध्ये शंभर मैलांच्या एका अश्वशर्यतीत कोणता घोडा कुठे पोहोचला आणि त्याची अवस्था काय, हे कळवण्यासाठी त्याने तीच कल्पना वापरली. खेळण्यातला म्हणावा असा एक स्वस्त संगणक आणि पॅकेट रेडिओ, एवढीच सामग्री. उपग्रहाकडून ठिकाण सांगणारे जीपीएस तेव्हा सामान्य माणसाच्या हाती नव्हते. वाटेवरच्या चौकीवरचा माणूस नकाशा पाहून ठिकाण टंकत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने या सगळ्याला नीट रूप दिले आणि ‘एपीआरएस’ हे नाव जगभर गेले. त्याच्या सांकेतिक नावाची, डब्ल्यूबी४एपीआर याची, शेवटची तीन अक्षरे आणि या नावाची पहिली तीन अक्षरे जुळतात, तो निव्वळ योगायोग नसावा. २०२२ मध्ये तो वारला. शेवटपर्यंत त्याचे एक म्हणणे होते : लोकांनी या व्यवस्थेला मोटारीचा माग काढण्याचे यंत्र समजू नये. आपल्या परिसरात या घडीला काय चालले आहे ते सर्वांना एकाच वेळी कळावे, यासाठी ती आहे.

तिची रीत अशी. एक संच ठरावीक वेळाने एक पाकीट हवेत सोडतो. ते हवेत असते जेमतेम एक सेकंद. त्यात सांकेतिक नाव, अक्षांश-रेखांश, नकाशावर काय चित्र दाखवायचे त्याची खूण (मोटार, घर, रुग्णवाहिका, वेधशाळा) आणि चार-दोन शब्दांचा मजकूर. ठिकाण नेहमीच्या लेखनात अठरा-एकोणीस मीटरपर्यंत अचूक असते; दरडीत गाव शोधायला तेवढे पुरे. उंचावर बसवलेला दुसरा संच हे पाकीट ऐकतो आणि पुन्हा सोडतो. त्याच्या पुढच्या डोंगरावरचा तिसरा ते पुढे ढकलतो. पाकीट गोलगोल फिरत राहू नये म्हणून किती उड्या घ्यायच्या ते पाकिटावरच लिहिलेले असते आणि प्रत्येक उडीला त्यातून एक वजा होते. वाटेत कुठे इंटरनेट चालू असेल तर तिथला संच ते जगाच्या नकाशावर टाकतो. नसेल तरी आसपासच्या शे-पन्नास किलोमीटरमधल्यांना ते थेट दिसतेच. पोच मागायची नाही, ‘हॅलो, ऐकू येतेय का’ नाही. ज्याला ऐकू आले त्याला कळले. नाही आले तर काही मिनिटांनी पुन्हा येणारच आहे.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. पावनखिंडीत बाजीप्रभू ज्यासाठी कान लावून लढत होते, ते विशाळगडावरचे तोफांचे बार म्हणजे दुसरे काय होते? परंपरा सांगते ती कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. महाराज पोहोचले, एवढाच मजकूर. उंचावरून, सर्वांसाठी, पोच न मागता. आणि बार न होणे याचाही अर्थ खिंडीतल्यांना कळत होता.

इथे मी सुरुवातीच्या मुद्द्यावर येतो. या जाळ्यावर माणसेच बोलतात असे नाही. परदेशात अनेक हौशींनी अंगणात लहान हवामान केंद्रे बसवली आहेत. पाऊस किती पडला, वारा किती, तापमान किती, हे ती केंद्रे आपण होऊन त्याच पाकिटांतून सांगत राहतात. असे एक पर्जन्यमापक सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीतल्या शाळेच्या छपरावर आहे, अशी कल्पना करा. ते दर दहा मिनिटांनी सांगते : मी इथे आहे, इतका पाऊस पडला. पहाटेपर्यंत आकडे चढत जातात आणि मग एकाएकी काहीच येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला धोक्याची शंका यायला एसटीच्या पहिल्या फेरीची वाट पाहावी लागणार नाही. कदाचित बॅटरीच बंद पडली असेल. तरी माणूस पाठवून बघायला हवे, हे तर कळेल.

आणि यासाठी सामग्री लागते ती काय? पूर्वीची पेटी आता वेगळी घ्यावी लागत नाही. हाताच्या पंजाएवढ्या स्वस्त संगणकावर फुकट मिळणारा एक कार्यक्रम तिचे काम करतो. एक साधा व्हीएचएफ संच, ती पाटी, ठिकाण सांगणारा नखाएवढा जीपीएस, अँटेना, सौरपट्टी आणि बॅटरी. डोंगरावर पाकिटे पुढे ढकलणारे एक केंद्र वीस-पंचवीस हजारांत उभे राहावे, असा माझा ढोबळ हिशेब आहे. चौकातल्या स्वागत कमानीला याहून जास्त खर्च येतो.

गंमत म्हणजे, आपण हे तंत्र आकाशात नेऊन पोहोचवले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभर वजनाचाही नसलेला उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने वर गेला. हौशी संदेशकांचे निरोप एका ठिकाणाहून घेऊन दुसऱ्या ठिकाणी देणे हे त्याचे एक काम होते. १ एप्रिल २०१९ च्या उड्डाणात तर इस्रोने अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरच हौशींचा एपीआरएस संच बसवू दिला. ब्रूनिंगाच्या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये सोडलेल्या उपग्रहाची अँटेना सुताराच्या पोलादी मोजपट्टीची होती, असे वाचले की आपल्या पोरांना हे का जमणार नाही असे वाटते. आणि त्यांना जमलेही. पण उपग्रह डोक्यावरून जातो तो दहा-बारा मिनिटांत क्षितिजापलीकडे. चोवीस तास जागेवर उभा असतो तो डोंगर. निसर्गाने आपल्याला सहाशे-सातशे किलोमीटरची तटबंदी फुकट दिली आहे. महाबळेश्वरच्या कड्यावर उभे राहिले की पोलादपूर-महाडचा मुलूख पायाखाली दिसतो, आणि व्हीएचएफ लहरीचा नियम ढोबळमानाने हाच : जिथून दिसते तिथून ऐकू येते. खोल दऱ्यांत, कड्याच्या सावलीत ही लहर पोहोचत नाही, म्हणून तर एकाऐवजी तीन-चार शिखरे लागतात.

आपल्याकडचे हौशी या बाबतीत काय करतात, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. नकाशावर आपल्या देशातले ठिपके दिसतात, पण त्यांतले बरेचसे मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून थेट इंटरनेटवर चढलेले असतात. हवेत एकही पाकीट गेलेले नसते. म्हणजे ज्या साखळीला पर्याय म्हणून हे जाळे जन्मले, तिच्यावरच ते लटकवून ठेवले आहे. टॉवर गेला की हे ठिपकेही जातील. आपली मोटार द्रुतगती मार्गावरून पळताना पडद्यावर पाहणे ही छान करमणूक आहे. तिच्या निमित्ताने परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या माणसांनी डोंगरावर एक खांब उभारला तर ते अधिक शोभेल.

आक्षेप दोन येतात. पहिला सुरक्षेचा. बिनतारी म्हटले की पोलिसांच्या भुवया वर जातात. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून जीपीएस आणि उपग्रह फोन घेऊन आले होते, तेव्हा या भुवयांना कारण नाही असे नाही. पण हौशी लहरींवर गुप्त लिपी वापरायला मनाई आहे, प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचे परवान्यावरचे नाव असते आणि ते कोणीही वाचू शकते. ज्याला लपायचे आहे तो आपले नाव-गाव दर दहा मिनिटांनी चव्हाट्यावर ओरडून सांगणार नाही. परवान्यापूर्वीची चौकशी जरूर करा. ती महिनोन्‌महिने रेंगाळू देऊ नका, इतकेच म्हणणे आहे. कारण परवाना हाती येईपर्यंत अर्ज केलेला मुलगा बारावीतून इंजिनिअरिंगला गेलेला असतो आणि त्याची हौस दुसरीकडे लागलेली असते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपण कुठे आहोत हे साऱ्या जगाला का सांगावे? घर बंद आहे हे चोराला कळेल. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीचा माग कोणीही काढील. हा धोका खरा आहे आणि हौशी मंडळी तो हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही. रोजच्या जगण्यात हे यंत्र बंद असलेलेच बरे. पण तुलना करायचीच तर नीट करू. खिशातला फोन आपला ठावठिकाणा दिवसभर कुठे कुठे देत असतो, ते आपल्याला दिसत नाही आणि संकटात नेमका तोच ठावठिकाणा आपल्या शेजाऱ्याला मिळत नाही. इथे ठिकाण सांगायचे की नाही हे बटण आपल्या हातात असते. सांगितले तर सर्वांना, नाही सांगितले तर कोणालाच नाही. शिवाय शाळेच्या छपराला, पाण्याच्या टँकरला, रुग्णवाहिकेला आणि बचाव पथकाच्या होडीला खासगी आयुष्य नसते. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न आपल्यापुढे तरी पडू नये. अमेरिकेत हौशी लोक त्यासाठी सायकल शर्यती आणि मॅरेथॉन शोधतात. आपल्याकडे आषाढात आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे तीन आठवडे एक शहरच चालत असते. लाखोंच्या गर्दीत मोबाइलचे जाळे गुदमरते, हा अनुभव वारीत गेलेल्या प्रत्येकाला आहे. दिंड्यांबरोबरचे टँकर, फिरते दवाखाने आणि रुग्णवाहिका यांवर हे लहान संच बसवा, दिवे घाटाच्या माथ्यावर एक केंद्र ठेवा आणि पालखीतळावर नकाशा उघडा. टँकर कुठे अडकला ते फोन न लावता दिसेल. चुकले-माकले तरी जीव जाणार नाही आणि जुलैत धो धो पाऊस सुरू होईल तेव्हा निदान काही तरुण हात त्या संचांना सरावलेले असतील. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते. त्यांतल्या प्रत्येक तालुक्यातल्या दोघा-तिघांना ही परीक्षा द्यायला लावणे फार अवघड नसावे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते.

खरी अडचण उभारणीची नाहीच. उद्घाटनाला फीत कापणारे हवे तेवढे मिळतील. चौथ्या पावसाळ्यात अँटेनेच्या सांध्यात पाणी शिरलेले असते, माकडांनी तार ओढलेली असते आणि बॅटरी फुगलेली असते. तेव्हा ओल्या कड्यावर चढून जाणारा माणूस कोण, याचे उत्तर कोणत्याही सरकारी ठरावात सापडत नाही. माझ्या मते ते जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावे. शिखरामागे एक महाविद्यालय, भौतिकशास्त्राचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा एक परवानाधारक शिक्षक, दरवर्षी मेअखेर एक फेरी, आणि नवी बॅटरी घेण्यापुरते पैसे जिल्हा नियोजनातून. डोंगरावरच्या पेटीला कुलूप लागणारच आहे. त्याची किल्ली कोणाकडे राहणार, हे खांब रोवण्याआधी ठरवावे लागेल.